‘कोर्टाने थांबवलं’ म्हणजे कोणाला, कशापासून आणि कोणासाठी? (अमेरिकी फेडरल न्यायालयांचे मनाई हुकूम)

कृष्णाकाठ (धागाकर्ती), न्यू जर्सी

२० जानेवारी २०२५ ला जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. तेव्हापासून इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर बातम्यांचे तुकडे येत राहिले. ‘कोर्टाने थांबवलं.’ ‘सुप्रीम कोर्टाने उठवलं.’ ‘परत थांबवलं.’ तो आदेश केवळ बेकायदा राहणाऱ्यांपुरता नव्हता. आई तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीरपणे राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर अशा बाळालाही नागरिक मानू नये असं त्यात होतं. एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (जोडीदाराचा) या व्हिसांवर वर्षानुवर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत असलेली कितीतरी मराठी घरं त्यात येतात. ज्यांच्या घरी बाळ येणार होतं त्यांनी या तुकड्यांवरून काय समजायचं?

मी एका वकिली कार्यालयात फेडरल दाव्यांची कागदपत्रं लावण्याचं काम करते. मी वकील नाही, त्यामुळे इथे कोणाला सल्ला देणार नाही. पण हुकूम रोज वाचते आणि एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ‘कोर्टाने थांबवलं’ ही बातमी अर्धवट आहे. मनाई कोणावर आहे, नेमकं कोणतं कृत्य करायला आहे आणि तिचा फायदा कोणाला आहे, या तिन्हींची उत्तरं हुकमाच्या मजकुरातच सापडायला हवीत. तिथे ती नसतील तर तो हुकूम टिकत नाही, निदान टिकू नये.

फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत ६५वा नियम मनाई हुकमांचा आहे. त्यातला ‘डी’ हा भाग जेमतेम काही ओळींचा, पण त्यावर शंभर वर्षांचं भांडण झालेलं आहे. हुकूम का दिला त्याची कारणं लिहा. अटी नेमक्या लिहा. जे करायचं नाही किंवा करायचं आहे ते पुरेशा तपशिलाने लिहा, आणि तेही त्याच कागदावर. ‘दाव्यात म्हटल्याप्रमाणे’ असं म्हणून दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवायचं नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला, हे समजायला फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांचं प्रकरण वाचावं. १९६०च्या दशकात तिथल्या गोदी कामगारांची संघटना, लोकल १२९१, आणि मालकांची संघटना यांच्यात पाळी पुढे ढकलण्याच्या कलमावरून वाद होता. लवादाने मालकांच्या बाजूने कलमाचा अर्थ लावला. मालक फेडरल न्यायालयात गेले आणि न्यायाधीशांनी हुकूम दिला: संघटनेने लवादाचा निवाडा पाळावा. बस, एवढंच. निवाड्यात तर कलमाचा अर्थ होता; कोणी काय करावं असं त्यात काहीच नव्हतं. संघटनेच्या वकिलाने भर न्यायालयात विचारलं की या हुकमाचा अर्थ काय, आम्ही नेमकं काय करायचं? न्यायाधीशांनी अर्थ सांगितला नाही. तो तुम्हाला माहीत आहे, असं त्यांचं उत्तर होतं. पुढे संप झाला, संघटनेवर अवमानाचा ठपका आला आणि दिवसाला १ लाख डॉलर दंड लावला गेला.

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं रद्द केलं. न्यायमूर्ती स्ट्युअर्ट यांच्या निकालाचा गाभा असा: अवमानाची शिक्षा हे न्यायालयाचं मोठं हत्यार आहे, आणि समजूच न शकणाऱ्या हुकमाच्या आधारावर ते उगारलं तर ते जीवघेणं ठरतं.

दुसरं प्रकरण १९७४ चं, विस्कॉन्सिनमधलं. अल्बर्टा लेसार्ड या बाईंना पोलिसांनी मानसिक रुग्णालयात दाखल केलं. त्यांनी आपल्यासारख्या सगळ्यांच्या वतीने दावा लावला. तीन न्यायाधीशांच्या फेडरल न्यायालयाने सविस्तर निकालपत्र लिहून राज्याची दाखल करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. निकालपत्र वाचताना अजूनही अंगावर येतं, इतकं ते माणुसकीने लिहिलेलं आहे. पण शेवटच्या हुकमात होतं काय? ‘निकालपत्राप्रमाणे’ एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि बजावलं की नेमकेपणाची अट ही तांत्रिक बाब नाही. ज्याला हुकूम पाळायचा आहे त्याचा गोंधळ होऊ नये आणि न समजलेल्या हुकमावरून त्याला अवमानाची शिक्षा होऊ नये, यासाठी ती आहे. चांगल्या निकालाचं असं झालं याची हळहळ वाटते. तरी अट बरोबरच आहे, असं मला वाटतं.

इथे कायद्याच्या क्षेत्रातले बरेच जण आहेत. त्यांनी भर घालावी.

पैलतीर, डॅलस

धागा अगदी वेळेवर आला. थेट विचारतो. आम्ही टेक्ससमध्ये, दोघेही एच-१बी वर. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा ऑफिसातल्या एकाने सांगितलं की आता मनाई फक्त दावा करणाऱ्या राज्यांपुरती उरली आणि टेक्सस त्यात नाही. ते खरं होतं का? त्या दोन आठवड्यांत बायकोच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

कृष्णाकाठ

पैलतीर, तुमच्या सहकाऱ्याने सांगितलं त्यात तथ्य होतं, पण ते पूर्ण नव्हतं. क्रमाने सांगते.

त्या आदेशाविरुद्ध मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि सिअ‍ॅटल इथल्या फेडरल न्यायालयांत दावे झाले. वादींमध्ये २२ राज्यं होती, काही संस्था आणि काही गरोदर स्त्रिया होत्या. न्यू जर्सी त्यात होतं, टेक्सस नव्हतं. तिन्ही न्यायाधीशांनी आदेश देशभर थांबवला, म्हणजे जे वादी नव्हते त्यांच्यासाठीही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं ते मुद्दाम एवढ्याच प्रश्नावर: वादी नसलेल्यांना संरक्षण देणारा हुकूम जिल्हा न्यायाधीश देऊ शकतो का?

२७ जून २०२५ ला ६ विरुद्ध ३ असा निकाल आला. न्यायमूर्ती बॅरेट यांनी लिहिलं की १७८९ च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्याने फेडरल न्यायालयांना जो अधिकार दिला, त्यात असे सार्वत्रिक हुकूम बहुधा बसत नाहीत. वादीला पूर्ण दाद मिळेल इतकाच हुकूम असावा, त्याहून रुंद नको. मूळ आदेश घटनेत बसतो की नाही, याला त्यांनी हातच लावला नाही. शिवाय आदेशाचा मुख्य भाग पुढचे ३० दिवस लागू होणार नाही असंही त्याच निकालात होतं. तो महिना तुमच्या घरालाही मिळालेला होता. हे तेव्हाच कोणी तुम्हाला सांगायला हवं होतं.

१० जुलैला न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश लापलांट यांनी वेगळ्या वाटेने हुकूम दिला. त्यांनी २० फेब्रुवारी २०२५ पासून जन्मलेल्या आणि या आदेशामुळे नागरिकत्व नाकारलं जाईल अशा सगळ्या बाळांचा एक वर्ग (म्हणजे एकाच दाव्यात एकत्र धरलेला वादींचा गट) तात्पुरता मान्य केला आणि त्या वर्गासाठी मनाई दिली. त्यात राज्याची अट नाही. डॅलसला जन्मलेलं बाळ त्या व्याख्येत बसतं, कारण तिथे बाळच पक्षकार आहे. आईवडिलांचाही वर्गात समावेश करावा अशी मागणी होती. ती त्यांनी मान्य केली नाही.

म्हणजे सार्वत्रिक हुकूम गेला आणि वर्गाचा हुकूम आला. बातमीत दोन्ही सारखेच दिसतात, आधार मात्र निराळा आहे.

रानजाई, पुणे

कृष्णाकाठ, माहिती उत्तम आहे, पण तुमच्या ‘अट बरोबरच आहे’ या वाक्यावर मला थांबावं लागलं. नेमकेपणाची अट मान्य. व्याप्ती आखडण्याचं मात्र मला पटत नाही, आणि हे दोन प्रश्न एकाच पिशवीत घालू नयेत.

सरकारचं एखादं धोरण घटनेविरुद्ध आहे असं न्यायाधीशाला दिसतंय. मग ते फक्त दावा लावणाऱ्यापुरतं थांबवायचं आणि शेजारणीवर चालू द्यायचं? वकील परवडणारा सुटला, न परवडणारा अडकला. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात हीच भीती मांडली आहे. फिलाडेल्फियाच्या संघटनेकडे निदान वकील होता. ज्या बाईला इंग्रजी फॉर्म भरता येत नाही तिला वर्ग, व्याख्या, नियम २३ (वर्गाच्या दाव्यांचा नियम) हे कोणी समजवायचं?

मुळामुठा, सॅन होजे

रानजाईंशी सहमत. बॅरेट यांच्या निकालात रात्री मोठ्याने गाणी लावणाऱ्या शेजाऱ्याचं उदाहरण आहे. एका शेजाऱ्याने दावा केला तरी न्यायालय गाणी बंदच करायला सांगणार, आणि त्याने सगळ्या गल्लीला झोप मिळणार; पण तो आनुषंगिक फायदा. नागरिकत्वाचंही तसंच का नाही, हे मला कळलं नाही.

कृष्णाकाठ

मुळामुठा, हाच युक्तिवाद राज्यांनी केला. न्यू जर्सीत राहणाऱ्या आईचं बाळ नदीपलीकडे फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात जन्मलं, किंवा पेनसिल्व्हेनियात जन्मलेलं बाळ दोन वर्षांनी न्यू जर्सीत राहायला आलं, तर? राज्यनिहाय नागरिकत्वाचा हिशेब ठेवणं राज्याला अशक्य होईल, म्हणून राज्याला पूर्ण दाद द्यायची तर हुकूम देशभरच हवा. बॅरेट यांनी हे फेटाळलं नाही. खालच्या न्यायालयांनी तपासावं असं म्हटलं. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांनी तपासलं आणि २५ जुलैला त्यांचा हुकूम देशभर कायम ठेवला. कारण देऊन, पर्याय तपासून. सगळी गोम त्या कारणांत आहे.

रानजाई, शेजारणीचा प्रश्न मलाही सतावतो. पण व्याप्तीवर लगाम का आला, त्याचा इतिहास कामगारांच्या बाजूचा आहे, तो ऐका. १८९४ साली पुलमन कंपनीच्या संपात रेल्वे कामगारांच्या संघटनेवर शिकागोच्या फेडरल न्यायालयाने मनाई बजावली. ती यूजीन डेब्स आणि इतर पुढाऱ्यांवर होती, त्यांच्याशी संगनमत करणाऱ्यांवर होती, आणि शेवटी ‘इतर कोणीही व्यक्ती असोत’ त्या सगळ्यांवर होती! ज्याने दावा पाहिला नाही, ज्याचं म्हणणं ऐकलं नाही, तोही बांधला गेला. डेब्स सहा महिने तुरुंगात गेले. १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उचलून धरलं. त्यानंतर मालकांना हत्यारच सापडलं. संप झाला की मनाई, तीही गोलमाल शब्दांत, ‘हस्तक्षेप करू नये’ अशी. १९१४ च्या क्लेटन कायद्यात काँग्रेसने पहिल्यांदा लिहिलं की हुकूम नेमका हवा, कारणांसह हवा, आणि पक्षकार व त्यांच्याशी मिळून काम करणारे यांच्यापलीकडे तो जाऊ नये. १९३२ च्या नॉरिस-लागार्डिया कायद्याने कामगार वादांत फेडरल न्यायालयांच्या मनाईवरच कडक मर्यादा घातल्या. १९३८ मध्ये नियम ६५ आला तो क्लेटन कायद्याचाच मजकूर जवळपास उचलून. ही ओळ संपकऱ्यांच्या तुरुंगवासातून आलेली आहे, म्हणून मला ती इतकी जवळची वाटते.

रानजाई

डेब्सचा हुकूम कोणाला बांधतो याबद्दल होता. मी कोणाला वाचवतो याबद्दल बोलतेय. प्रतिवादी सरकार तर समोर उभं आहे, त्याचं म्हणणं ऐकलेलं आहे. बांधायची व्याप्ती आणि वाचवायची व्याप्ती या वेगळ्या नाहीत का?

कृष्णाकाठ

वेगळ्या आहेत, आणि तुम्ही नेमकं पकडलंत. नियम ६५(डी) पहिलीबद्दल बोलतो. दुसरी समन्याय अधिकाराच्या (इक्विटी, म्हणजे मनाईसारखी दाद देण्याच्या न्यायालयाच्या अधिकाराच्या) मर्यादेतून येते. १९७९ च्या यामासाकी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वादींना पूर्ण दाद द्यायला जेवढं लागेल त्याहून जास्त ओझं प्रतिवादीवर टाकू नये. पण त्याच प्रकरणात देशभराचा वर्ग त्यांनी चालू दिला होता. शेजारणीसाठी दार तिथे आहे. ते अरुंद आहे, हे मला मान्य.

निशाणीपाच, सातारा

चर्चा वाचून राहवलं नाही. आयुष्य जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करण्यात गेलं. नाव पाहून आमच्याकडच्या मंडळींच्या लक्षात आलंच असेल: दाव्याबरोबर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्यायचा आणि तो निशाणी ५ वर नोंदवला जायचा. पक्षकार विचारायचे, ‘साहेब, पाच नंबर झाला का?’ मूळ दाव्याला पंधरा वर्षं लागणार हे त्यांना ठाऊक असायचं. सगळा जीव निशाणी ५ वर.

आमच्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ आहे. समोरच्याला न ऐकता मनाई द्यायची तर नियम ३ प्रमाणे कारणं नोंदवावी लागतात. हुकूम मोडला तर नियम २-अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही. म्हणजे शिक्षेचा धाक तोच. पण हुकमाच्या शब्दांवर नियम ६५(डी) सारखी स्वतंत्र, रोखठोक ओळ आमच्या संहितेत नाही, आणि तिची उणीव मी वेळोवेळी पाहिली.

सर्वांत जास्त त्रास ‘जैसे थे’ने दिला. एका तालुक्याच्या न्यायालयात बांधाच्या वादात हुकूम झाला: उभय पक्षांनी जैसे थे परिस्थिती ठेवावी. कशी आहे ती परिस्थिती? वहिवाट कोणाची, हाच तर दावा! दोघांनी हुकमाची प्रत खिशात घालून नांगर धरला, दोघं पोलीस ठाण्यात गेले, आणि फौजदार मला विचारतोय, ‘वकीलसाहेब, यात लिहिलंय काय?’ सर्वोच्च न्यायालयानेही १९८७ मध्ये भारत कोकिंग कोलच्या प्रकरणात या शब्दप्रयोगाच्या संदिग्धतेवर बोट ठेवलेलं आहे. तरी तो चालूच. कोणत्या तारखेची स्थिती, कोणता गट नंबर, कोणती दिशा, कोणाची पेरणी. चार ओळी जास्त लिहिल्या तर दोन घरांची डोकी फुटायची वाचतात.

चांगलं उदाहरणही सांगतो. २०१६ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या निर्मात्या कंपनीने चोरट्या प्रतींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला आणि संकेतस्थळंच्या संकेतस्थळं बंद करा अशी मागणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट बंदी द्यायला नकार दिला. आधी तपासून खात्री केलेली दुव्यांची यादी आणा, मग त्या दुव्यांपुरती मनाई मिळेल. तशी यादी आली तेव्हा मनाई दिली. अज्ञात प्रतिवादींविरुद्धच्या या हुकमांना आपल्याकडे ‘अशोक कुमार’ हुकूम म्हणतात. प्रतिवादी अज्ञात असेल तिथे तर कृत्य जास्तच नेमकं लिहायला हवं. मुंबईत अमेरिकेचा नियम लागू नाही, पण तर्क तोच आहे.

मुळामुठा

निशाणीपाच सर, बांधाचा प्रसंग वाचून आजोबांच्या गावची भांडणं आठवली.

माझा प्रश्न पेटंटचा. मी इंजिनिअर आहे. समजा न्यायालयाने म्हटलं ‘अमुक पेटंटचा भंग करू नका’, तर ते नेमकं धरायचं का? पेटंट तर छापील आहे, नंबरासह.

कृष्णाकाठ

नाही धरत. पेटंटचं अपील ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००४ च्या इंटरनॅशनल रेक्टिफायर विरुद्ध सॅमसंग प्रकरणात सांगितलं की नुसतं ‘भंग करू नका’ म्हणणं नियम ६५(डी) ला पुरत नाही. हुकूम ज्या वस्तू भंग करणाऱ्या ठरल्या त्यांच्यावर आणि त्यांच्याहून नावापुरत्याच वेगळ्या असलेल्या वस्तूंवर चालतो. त्याआधी १९०५ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी मांसविक्रेत्या कंपन्यांच्या प्रकरणात हाच धोका दाखवला होता. ‘कायदा पाळा’ एवढाच हुकूम दिला तर माणसाचा सगळा धंदा अवमानाच्या टांगत्या तलवारीखाली जातो. कायदा तर सगळ्यांनीच पाळायचा असतो. हुकमाने त्यातला कोणता तुकडा, कोणासाठी, हे सांगायचं.

पण इंजिनिअरांनी टीव्हो विरुद्ध एकोस्टार जरूर वाचावं. टीव्ही कार्यक्रम रेकॉर्ड करणारे डबे बनवणाऱ्या टीव्होने उपग्रह टीव्ही पुरवणाऱ्या एकोस्टारविरुद्ध टेक्ससमध्ये पेटंटचा दावा जिंकला. हुकमात दोन भाग होते. एक, भंग थांबवा. दोन, ग्राहकांच्या घरात आधीच बसवलेल्या ठराविक मॉडेलच्या डब्यांतली रेकॉर्डिंगची सोय बंद करा. एकोस्टारने सोय बंद केली नाही. डब्यांत नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि म्हणाली, आता भंग होतच नाही, मग बंद कशाला? अवमान ठरला. २०११ मध्ये फेडरल सर्किटच्या पूर्ण पीठाने दोन भाग वेगळे तपासले. भंगाच्या भागावर त्यांनी नवी कसोटी घालून दिली आणि तो प्रश्न खाली परत पाठवला. सोय बंद करण्याच्या भागावर मात्र अवमान कायम. हुकूम संदिग्ध किंवा अति रुंद वाटला होता तर तेव्हाच अपिलात म्हणायचं होतं, न्यायालयाकडे खुलासा मागायचा होता. स्वतःच अर्थ लावून मोकळं व्हायचं नव्हतं. काही दिवसांतच ५० कोटी डॉलरवर तडजोड झाली.

मुळामुठा

म्हणजे फिलाडेल्फियाच्या संघटनेने भर न्यायालयात अर्थ विचारला, तेच तिला तारून गेलं?

कृष्णाकाठ

मला तसंच वाटतं. तो संवाद निकालपत्रात शब्दशः छापलेला आहे, उगाच नाही. २०१९ मध्ये टॅगार्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिवाळखोरीच्या हुकमाबद्दल म्हटलं की वागणूक हुकमाविरुद्ध होती की नाही याबद्दल रास्त शंकेला जागाच नसेल, तरच दिवाणी अवमान ठरवावा. शंकेचा फायदा हवा असेल तर शंका खरी हवी आणि वेळेवर मांडलेली हवी.

रानजाई

विचारलं तर वाचतो, ठीक. पण विचारायला वेळच नसेल तर? बर्मिंगहॅम, अलाबामा, एप्रिल १९६३. नगरपालिकेने राज्याच्या न्यायालयातून रात्री, समोरच्यांना न ऐकता, परवान्याशिवाय मोर्चे काढायला मनाई आणली. दोन दिवसांवर गुड फ्रायडे. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे साथी तरीही चालले आणि तुरुंगात गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने शिक्षा कायम ठेवली: मनाई चुकीची असली तरी आधी न्यायालयात जाऊन ती उठवायला हवी होती. पाच दिवस कैद, ५० डॉलर दंड. आणि १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने परवान्याचा तो नियम ज्या रीतीने वापरला गेला तो घटनाबाह्य ठरवला!

मोर्च्यांबाबत तो हुकूम स्पष्ट होता: परवान्याशिवाय काढायचे नाहीत. नेमका हुकूमही अन्याय्य असू शकतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

कृष्णाकाठ

रानजाई, तुमचं हे पूर्ण मान्य. हुकूम नेमका आहे म्हणून तो न्याय्य ठरत नाही. नेमकेपणामुळे वरचं न्यायालय तो तपासू शकतं, आणि तपासायला वेळ मिळणं हे वेगळं. बर्मिंगहॅममध्ये वेळच काढून घेतला गेला. फेडरल नियमांत समोरच्याला न ऐकता दिलेला तात्पुरता हुकूम १४ दिवसांत संपतो, सबळ कारण असेल तर तेवढीच मुदत आणखी मिळते. अलाबामाच्या न्यायालयाला तो नियम नव्हता. आणि गुड फ्रायडे दोन दिवसांवर असताना १४ दिवसांचा तरी काय उपयोग, हेही खरंच.

निशाणीपाच

एक शंका. त्रयस्थ माणूस, पक्षकार नाही, पक्षकाराचा नोकर नाही, त्याला हुकूम माहीत आहे. त्याने मोडला तर? आमच्याकडे यावर बरीच ओढाताण चालते.

कृष्णाकाठ

सर, नियम सांगतो: पक्षकार, त्यांचे अधिकारी, प्रतिनिधी, नोकर, वकील, आणि त्यांच्याशी सक्रिय संगनमत करणारे, ज्यांना हुकमाची प्रत्यक्ष माहिती आहे ते. स्वतःच्या मर्जीने वागणारा पूर्ण त्रयस्थ सहसा सुटतो. न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी १९३० मध्ये म्हटलं होतं की न्यायालय साऱ्या जगाला मनाई करू शकत नाही.

पण एक अपवाद प्रसिद्ध आहे. फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या शाळांमधला वंशभेद मिटवण्याचा खटला चालू होता. एका शाळेत दंगे होऊ लागले, तेव्हा न्यायाधीशांनी ठराविक लोकांखेरीज कोणीही शाळेच्या आवारात येऊ नये असा हुकूम काढला. दाव्याशी संबंध नसलेला एक माणूस हुकूम माहीत असूनही आत गेला. १९७२ मध्ये पाचव्या सर्किटने (तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने) त्याची अवमानाची शिक्षा कायम ठेवली. कारण असं दिलं की शाळा एकत्र करण्याचा मूळ हुकूमच त्याच्या वागण्याने हाणून पडला असता. मला हा निकाल पटतो, पण तो शाळेच्या आवाराइतकाच ठेवावा असंही वाटतं.

मुळामुठा

उलट्या टोकाचं काय? न्यायाधीश इतके बारीक हुकूम देतात की तेच संस्था चालवायला लागतात, अशी टीका होते.

कृष्णाकाठ

तुरुंगांच्या दाव्यांत ती टीका फार झाली. १९९६ मध्ये काँग्रेसने कायदा केला की तुरुंगाच्या परिस्थितीबद्दलचा हुकूम अरुंद असावा, हक्कभंग दूर करायला लागेल त्यापुढे जाऊ नये आणि कमीत कमी ढवळाढवळ करणारा असावा. त्या चौकटीत बसलेला एक हुकूम मला नमुनेदार वाटतो. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत क्षमतेच्या जवळपास दुप्पट कैदी होते, आजारी कैदी उपचारांवाचून मरत होते. तीन न्यायाधीशांनी सांगितलं: दोन वर्षांत कैद्यांची संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणा. कोणाला सोडायचं, कोणाला दुसरीकडे हलवायचं, नवे तुरुंग बांधायचे का, ते राज्याने ठरवावं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने तो कायम ठेवला. हुकूम पाळला गेला की नाही हे आकडा पाहून कोणालाही सांगता येतं, आणि तुरुंग चालवायचं काम न्यायाधीशाच्या गळ्यात पडत नाही.

याच्या शेजारी १९५५ चा शाळांच्या वंशभेदाचा दुसरा निकाल ठेवून पाहा. ‘सर्व विचारपूर्वक गतीने’ शाळा एकत्र करा, एवढंच त्यात होतं. तारीख नाही, टक्का नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी त्या मोकळ्या जागेत कितीतरी वर्षं काढली, आणि त्या काळात शाळेत गेलेल्या काळ्या मुलांना ती वर्षं परत मिळाली नाहीत. संदिग्ध हुकूम दर वेळी प्रतिवादीलाच जाचतो असं नाही. तिथे तो वादीला जाचला.

रानजाई

हे शेवटचं उदाहरण मला सर्वांत पटलं. शेजारणीच्या प्रश्नावर मात्र आपण अजून एकमेकींसमोरच उभ्या आहोत.

पैलतीर

सगळ्यांचे आभार. एक व्यवहाराचं विचारतो. मूळ हुकूम कुठे वाचायचा, आणि शंभर पानांतलं नेमकं काय पाहायचं?

कृष्णाकाठ

फेडरल न्यायालयांची कागदपत्रं पेसर या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचं बिल माफ असतं. कोर्टलिसनर या ना-नफा संकेतस्थळावर मोठ्या प्रकरणांची बरीच कागदपत्रं फुकट असतात.

कारणमीमांसा सवडीने वाचा; आधी शेवटच्या पानांवर जा. हुकमाचा भाग तिथे किंवा वेगळ्या दोन-तीन पानांच्या दस्तऐवजात असतो. प्रतिवादी म्हणून कोणती खाती आणि कोणते अधिकारी आहेत ते पाहा. मनाई कोणत्या कलमाच्या अंमलबजावणीला आहे ते पाहा. वर्ग असेल तर त्याची व्याख्या शब्दाशब्दाने वाचा, जन्मतारखेसकट. मग हुकमानंतरच्या नोंदींची यादी उघडा, कारण हुकमाला स्थगिती असू शकते. लापलांट यांनी स्वतःच्याच हुकमाला सरकारला अपील करता यावं म्हणून सात दिवसांची स्थगिती दिली होती. आणि कागद हाती आल्यावर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला प्रश्न असा विचारा: ‘आमचं बाळ या व्याख्येत बसतं का, आणि आज हा हुकूम लागू आहे का?’

पैलतीर

वर्गाच्या हुकमाची प्रत मिळाली, व्याख्या दुसऱ्या पानावर आहे. वकिलांची वेळ गुरुवारची घेतली आहे. त्या काय म्हणतात ते इथेच लिहितो, म्हणजे आमच्यासारख्या इतरांनाही काय विचारायचं ते कळेल.